हलकी फिरली

विमानाच्या पोटाला जागोजागी झाकणं असतात. आतल्या नळ्या, तारा, पंप बघायचे तर ती उघडायची, काम झालं की लावायची. झाकणाच्या कडेने फिरत्या खिट्ट्या असतात. त्यांचं कागदोपत्री नाव एवढं लांबलचक आहे की ते पुरतं घेईपर्यंत जेवणाची सुट्टी संपेल. आम्ही त्यांना फिरकी म्हणतो. चावी घालून पाव फेरा फिरवली की आतला आकडा चौकटीच्या पट्टीखाली जातो आणि झाकण धरून ठेवतो. वरची रेघ झाकणावरच्या लाल रेघेशी जुळली की बंद झाली असं समजायचं.

पण फिरकीच ती, कधीतरी फिरकी घेणारच. झाकण नीट दाबलेलं नसलं तर आकडा पट्टीखाली न जाता बाहेरच्या बाहेर फिरतो. बघणाऱ्याला काही कळत नाही, रेघा अगदी जुळलेल्या असतात. कळतं ते फक्त फिरवणाऱ्या हाताला. बरोबर बसली तर फेऱ्याच्या शेवटी चावी जड होते, खोटी फिरली तर हलकी जाते.

म्हणून झाकण लावायला दोन माणसं लागतात. एक फिरवतो आणि मोठ्याने म्हणतो, "फिरली." दुसरा झाकणाची कड धरून ओढतो आणि मग म्हणतो, "बसली." जो फिरवतो तो ओढत नाही, आणि जो ओढतो तो फिरवत नाही. आणि फिरवणारा जर "हलकी फिरली" म्हणाला, तर नुसतं ओढून भागत नाही. बाजूच्या फिरक्यांनी झाकण धरलेलं असतं, ओढून काय कळणार? मग झाकण पुन्हा उघडायचं, आत आरसा धरून आकडा कुठे जातो ते डोळ्यांनी बघायचं आणि पुन्हा लावायचं. कंटाळवाणं काम आहे. म्हणूनच "हलकी" हा शब्द आमच्याकडे कुणी उगाच उच्चारत नाही, आणि उच्चारला तर कुणी कानाआड करत नाही.

आमच्या जोडीत फिरवणारी मी आणि ओढणारा माझा धाकटा भाऊ.

त्याला विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये आणलं मीच. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि गणितात गटांगळ्या खात होता. आई शिवणकाम करायची, मी इथे पाने-पकडी पुसत होते. पुढे मी फिटर झाले, त्याला शिकवलं, परीक्षेला बसवलं, आणि तो माझ्या पुढे जाऊन तपासनीस झाला. मला त्याचं कौतुकच होतं. हँगरमधले लोक आमची चेष्टा करायचे. "काय जोडी आहे! बहीण फिरली की भाऊ बसतो." आम्हीही हसायचो. कामावर तो मला ताई म्हणायचा नाही, मॅडम म्हणायचा, आणि तेही अशा तोंडाने की मला चावी फेकून मारावीशी वाटे.

त्या दिवशी दुपारी मी विमानाच्या पोटाखाली उताणी पडून झाकण लावत होते. पलीकडे कंप्रेसर चालू होता. शेवटची फिरकी फिरवली तेव्हा चावी शेवटपर्यंत गेली ती लोण्यातून गेल्यासारखी. मी म्हणाले, "फिरली." आणि लगेच मान वळवून ओरडले, "हलकी फिरली रे! आरसा घे."

मला त्याचे बूट तेवढे दिसत होते. ते क्षणभर थांबले. मग वरून आवाज आला, "बसली."

मला वाटलं, पुढच्या झाकणाकडे मी सरकले की हा आरसा घेऊन वाकेल. तो नेहमी तसंच करायचा, आधी "बसली" म्हणून मोकळा व्हायचा आणि मग बघायचा. मी त्याला या सवयीवरून कितीदा झापलं होतं! त्या दिवशी झापलं नाही. दुसऱ्या विमानाची घाई होती.

दुसऱ्या दिवशी विमान धावपट्टीवर धावत असतानाच ते झाकण उडालं. सुदैवाने आतले सगळे सुखरूप होते, विमान तिथल्या तिथे थांबवलं, झाकण बाजूच्या गवतात सापडलं. पण झाकण उडालं म्हणजे कुणाचा तरी हात चुकला, आणि हात कुणाचा ते ठरवायला चौकशी बसली.

चौकशीचे प्रमुख जाड चष्म्याचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं एका शब्दावर आणून ठेवलं. मी "हलकी" म्हणाले असेन आणि त्याने ऐकलं असेल, तर आरसा न लावणं ही त्याची चूक. त्याची तपासनिशी जाणार. मी म्हणालेच नसेन, किंवा म्हणाले आणि ते त्याच्यापर्यंत पोचलंच नसेल, तर चूक माझी. शब्द पोचला की नाही याची खात्री करून घेणं बोलणाऱ्याचं काम, असा नियमच आहे. मग माझा झाकणं लावायचा परवाना जाणार.

मी म्हणाले, "मी हलकी म्हणाले होते. ओरडून म्हणाले होते."

त्याला विचारलं. तो समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "मला फक्त 'फिरली' ऐकू आलं. कंप्रेसर चालू होता."

चष्मेवाले साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. त्या आवाजात त्यांना पुढचं ऐकू गेलं नसेल, असं होऊ शकतं?"

आता मी काय सांगायला हवं होतं? बूट थांबले होते, हे मी पाहिलं होतं. पण बूट थांबले म्हणजे कान ऐकत होते असं थोडंच आहे? मी त्याच्याकडे बघितलं. लहानपणी पाढा म्हणता म्हणता अडला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, तशा त्या लाल झाल्या होत्या. भेदरलाय, असं मला वाटलं. आणि मी माझ्याच तोंडाने म्हणाले, "होऊ शकतं साहेब. आवाज फार होता."

तेवढं त्यांना पुरलं.

माझा परवाना गेला. मला औजारखान्यात बसवलं. आता मी खिडकीमागे बसते आणि इतरांना चाव्या देते. फिरकीची चावी मागायला कुणी आलं की माझी बोटं ती नको इतका वेळ धरून ठेवतात. मग समोरचा म्हणतो, "द्या की मॅडम," आणि मी देते.

नवरा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "त्याने ऐकलं होतं. तुझ्या भावाने सरळ कानावर हात ठेवले."

मी त्याच्यावर अशी उखडले की बिचारा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवला. "माझ्या भावाबद्दल एक शब्द बोलायचा नाही," असं बजावलं. तो खरंच पुन्हा बोलला नाही. मीही स्वतःला रोज समजावत होते. ऐकलं नसेल. कंप्रेसर चालू होता. माझंच तोंड दुसरीकडे असेल. चूक झाली तर झाली, पण भाऊ खोटं बोललेला नाही. परवाना गेल्याचं दुःख मी याच एका गोष्टीच्या आधारावर गिळत होते.

आईच्या स्वयंपाकघरात ओट्याखालचं कपाट आहे. त्याचं दार आपोआप उघडायचं आणि तिच्या गुडघ्याला लागायचं. कितीतरी दिवस ती मागे लागली होती. एका सुट्टीच्या दिवशी मी लाकडाची छोटी फिरकी आणि स्क्रू घेऊन गेले आणि ओट्यासमोर जमिनीवर बसून बसवायला घेतली. आई बाजूला डबे पुसत होती. धाकटा यायचा होता, त्याची वरच्या जागेची परीक्षा पास झाल्याचा निरोप आला होता. आई खूश होती आणि त्याच वेळी माझ्याकडे चोरून बघत होती.

"तुला वाईट वाटत असेल ना गं," ती म्हणाली.

"कशाचं?"

"तुझं काम गेलं आणि त्याला वरची जागा मिळतेय."

"माझं नशीब, आई. त्याला ऐकू आलं नाही, त्याला तो काय करणार?"

आईने पुसलेला डबा पुन्हा पुसला. मग माझ्याजवळ खाली बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू मनाने मोठी आहेस म्हणून बरं. ते झाकण उडालं त्या दिवशी संध्याकाळी आला आणि इथेच बसून रडला. म्हणाला, ताई दोनदा ओरडली, 'हलकी फिरली, आरसा घे', आणि मी आळस केला. माझं पोर पार खचलं होतं. मग मीच म्हटलं, ऐकू आलं नाही असं सांग. ताई तुला सांभाळून घेईल. तुझं काय गं, तुझं घर आहे, नवरा कमावता आहे. त्याचं अजून सगळं व्हायचंय."

माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला.

हँगरमध्ये काय शब्द वापरतात ते आईला आजवर कधी माहीत नव्हतं. आरसा म्हणजे तिला भिंतीवरचा आरसा. चौकशीत काय बोलणं झालं तेही मी तिला सांगितलं नव्हतं, लाज वाटली होती. आणि मी दोनदा नाही, एकदाच ओरडले होते. त्याने दोनदा सांगितलं. म्हणजे इतकं स्पष्ट ऐकलं होतं की त्याच्या कानात ते पुन्हा वाजलं. ज्या माणसाला वाचवायला मी माझा हात दिला, त्याला आधीच माहीत होतं की मी देणार. दोघांनी मिळून तसा हिशोबच केला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापला कुणी? आपलेच दात, आपलेच ओठ.

"तू सांगितलंस त्याला?" मी विचारलं. "आई, तू?"

"मग काय करू? दोन्ही माझीच लेकरं."

"दोन्ही नाही. एकच."

मला रडू आलं नाही, राग आला. आणि त्या रागाला जायला जागाच नव्हती. साहेबांकडे जाऊन काय सांगू? "होऊ शकतं" असं मीच सही करून दिलं होतं. आता तोंड उघडलं तर म्हणतील, भावाला बढती मिळाली तशी बाई फिरली.

दारातून आवाज आला. "ताई, तू कधी आलीस?" नवीन शर्ट घालून, हात खिशात घालून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा होता. आईच्या चेहऱ्याकडे बघून मग त्याने माझ्याकडे बघितलं. कानाच्या पाळ्या लाल होत होत्या.

मी शेवटचा स्क्रू आवळला, कपाटाचं दार दाबलं आणि लाकडी फिरकी आडवी केली. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं, "फिरली."

"बसली," तो म्हणाला. हात खिशातच होते.

घरात पूर्ण शांतता होती. कंप्रेसर नव्हता, काही नव्हतं.

मी त्याच्याकडे बघत राहिले आणि कपाटाचं दार स्वतः ओढून पाहिलं. एकदा, मग आणखी एकदा, चांगला जोर लावून. जो फिरवतो तो ओढत नाही, हा नियम मी आयुष्यात पहिल्यांदा मोडला. दार पक्कं होतं.

"ताई," तो म्हणाला, "ऐक ना."

"आता तुला ऐकू येतंय का?" मी विचारलं.

मग औजारं पिशवीत भरली, चपला घातल्या आणि आईला म्हटलं, "येते. दार लावून घे."