रूथचे उरलेले तीन अध्याय

सन सेहेचाळीस. शबुओथ, म्हणजे ज्यूंचा रूथची गोष्ट वाचायचा सण. त्या दुपारी नगरातल्या हसाजी अष्टमकरांच्या घरात खिरीचा वास सुटला होता आणि मिल्का कोठीत बंद होती. यात नवल काही नव्हतं. सणावाराला विधवा सून पाहुण्यांच्या नजरेस पडू नये, ही घरची रीत. कुठल्या पोथीतली? कुठल्याच नाही. कोकणातून येताना या इस्राईलांनी, मराठी ज्यूंनी, शनिवारचा विसावा आपला ठेवला, विधवेची रीत शेजाऱ्यांची उचलली. ती परत करायची तेवढी राहून गेली.

बाहेर राहुरीच्या दवाखान्यातले कंपाउंडर रुबेन बसले होते. त्यांनी मिल्काला मागणी घातली होती. "सणाला या, वाचन झालं की उत्तर देतो," असा हसाजींचा निरोप होता. उत्तर काय ते मिल्काची वळकटी पाहूनच कळत होतं. उद्या सकाळच्या गाडीनं रवानगी रेवदंड्याला, अंथरुणाला खिळलेल्या आत्याबाईंची सेवा करायला. जन्मभर.

"इस्राईलाची बाई म्हणजे शुक्रवारचा दिवा," बाहेर हसाजी सांगत होते. "लावला तिथं जळायचं. आपली सारा बघा, रूथ बघा. तोंडातून ब्र नाही!"

पोथीतली सारा तर, म्हातारपणी मूल होणार हे ऐकून, तंबूच्या दाराआड उभी राहून देवाच्या शब्दाला हसली होती. मिल्काला दाराआड उभं राहायला जमत होतं, हसायला जमत नव्हतं. मागं एकदा उलट बोलली, तर दोन दिवस कोठीची कडी निघाली नव्हती.

इतक्यात काच फुटल्याचा आवाज आला. दूध घालायला आलेला छगन गवळी "बस रे" म्हटल्यावर नेमका हसाजींच्या चष्म्यावर बसला.

"आरं द्येवा! मालक, ह्ये काय टोचलं?"

आता रूथची गोष्ट वाचणार कोण? पाहुण्यांचे चष्मे घरी राहिलेले. रुबेनना पुस्तक द्यावं, तर जावयाचा मान दिल्यासारखं व्हायचं.

"मिल्काला येतं वाचता," सासूबाई सिपोराबाई हळूच म्हणाल्या.

वाचता येत होतं, पण दिसता येत नव्हतं! हसाजींनी पुस्तक दाराखालून सरकवलं. ते जाड, फट बारीक. शेवटी झरोक्यातून ढकललं, ते थेट पिठाच्या डब्यात.

"पहिला अध्याय झाला की थांब," बाहेरून हुकूम आला.

मिल्कानं पीठ झटकलं. ती वाचू लागली. नवरा मेलेली रूथ सासूला, नामीला, म्हणते, तू जाशील तिथं मी येईन. दर वर्षी हसाजी इथंच पुस्तक मिटून डोळे पुसत. आजही पुसले.

"बास! खीर आणा."

"बास कसं मालक?" छगन म्हणाला. "म्होरं त्या पोरीचं काय झालं?"

"काय व्हायचंय? सासूची सेवा केली."

मिल्कापुढं पान उघडं होतं. थांबावं तर रेवदंडा, वाचावं तर ही कडी. तिनं डोळे मिटले, उघडले आणि वाचू लागली. रूथ कापणीच्या रानात गेली, तिथं रानाचा मालक बवाज भेटला. मग नामी म्हणाली, न्हा, तेल लाव, चांगलं नेस, अन् त्याच्या खळ्यावर जा.

"मिल्का! थांब म्हणतो ना!" हसाजींनी दारावर थापा मारल्या. कडी मात्र काढेनात. काढली तर सून सगळ्यांना दिसणार, न काढावी तर ऐकू येतच होती.

"खळ्यावर जा, हे कोण म्हणालं गं?" सिपोराबाईंचा आवाज आला.

"सासू," मिल्का कशीबशी म्हणाली. "पुढं त्यांचं लग्न लागतं."

"अहो, तीस वर्षं मला अर्धीच गोष्ट ऐकवलीत?"

"तो भाग बायकांसाठी नाही."

"बायाच तर हायत की त्यात!" छगन म्हणाला.

मग कडी वाजली. मिल्का पुस्तक छातीशी धरून पिठाच्या डब्यामागं सरकली. आता मामंजी काय करतील?

दारात सिपोराबाई होत्या. हातात तेलाची वाटी.

"चल. पाणी तापलंय."

पुस्तक तसंच छातीशी धरून मिल्कानं सगळ्यांसमोर उंबरा ओलांडला. हसाजींनी तोंड उघडलं, पण सिपोराबाईंनी तिकडं पाहिलंच नाही.

"रुबेनराव," त्या म्हणाल्या, "उत्तराला जरा वेळ लागेल. सून न्हातेय."