बंद केल्यावरही जिवंत राहिलेली तार

मित्रांनो, मी साबणाच्या कारखान्यातला एक जुना कंट्रोल पॅनल आहे. लोखंडी कपाटच म्हणा ना! आत बटणे, आपोआप चालू-बंद होणारे स्विच म्हणजे रिले, आणि तारांचे जंजाळ. कामगार मला सरळ 'डबा' म्हणत. सव्वीस वर्षे मी मिक्सरच्या खोलीत उभा होतो. मी वीज सोडली की मिक्सर फिरायचा, मी अडवली की थांबायचा. साबणाची पूड माझ्या फटीफटीत जाऊन बसली.

माझी देखभाल वायरमनकाका करत. त्यांनीच मला भिंतीपाशी बसवले, तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. पुढे कधी पंखा वाढला, कधी हीटर आला. "तात्पुरतं जोडतो," म्हणत काका एकेक तार आत ओढायचे. त्यातली एकही पुढे सुटली नाही. माझ्या दाराच्या खिशात तारांचा नकाशा होता, पण त्यावर यातले काहीच चढले नाही. "सगळं पाठ आहे मला," काका म्हणत. मॅनेजरसाहेब त्यांची पाठ थोपटत. मी मात्र दरवर्षी थोडा जास्त थकत गेलो.

मग माझ्या जागी संगणकावर चालणारी नवी यंत्रणा बसवायचे ठरले. तिची आखणी करायला एक इंजिनिअरबाई आल्या. मॅनेजर त्यांना म्हणाले, "रविवारी मेन स्विच पाडा, डबा काढा, नवा लावा. सोमवारी काम सुरू."

बाईंनी माझे दार उघडले. नकाशा पाहिला, मग मला पाहिले. "आधी कुठली तार कुठून येते, कुठे जाते, ते कागदावर येऊ दे. मग काढायचं बघू."

काका दुखावले. "ताई, माझ्यावर भरवसा नाही का?"

"आहे हो काका. पण तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी इथे हात घालणाऱ्याने कुणाला विचारायचं?"

काकांनी तोंड वाकडे केले, पण स्टूल ओढून बसले. दोन दिवस काका सांगत होते आणि बाई तारांना चिठ्ठ्या चिकटवत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी काही तारा सोडवून बघायला मिक्सर थांबवला. मेन स्विच पाडून त्याला कुलूप घातले आणि किल्ली बाईंनी स्वतःच्या खिशात ठेवली. काकांनी पक्कड उचलली आणि कोपऱ्यातल्या एका मळक्या तारेकडे हात नेला.

ती तार शेजारच्या गोदामातून येत होती. मेन स्विचशी तिचा काडीचा संबंध नव्हता. मला हे ठाऊक होते, पण मला तोंड कुठे होते? सव्वीस वर्षांत इतके हतबल मला कधी वाटले नव्हते.

"काका, थांबा. आधी टेस्टर लावू," बाई म्हणाल्या.

"मेन पाडलाय की."

"तरीपण."

टेस्टरचा दिवा लागला.

काकांनी पक्कड हळूच खाली ठेवली. "हीटरची वीज गेली होती तेव्हा गोदामातून मीच ओढली होती ही," ते म्हणाले. "साफ विसरलो." मग त्यांनी बाईंकडून पेन मागून घेतला, नकाशावर ती तार स्वतः काढली आणि शेजारी सही केली.

संध्याकाळी मॅनेजर डोकावले. "रविवारचं नक्की ना?"

बाई बोलायच्या आत काकाच म्हणाले, "नाही साहेब. अजून सतरा तारांचा पत्ता लागायचाय."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण रविवार पुढे गेला. तीन आठवड्यांनी मला काढले, तेव्हा कोणाला साधे खरचटलेही नाही.

आता मी शेडमागे पडून आहे. अंगाला गंज चढतो आहे. तक्रार नाही, फक्त थकवा आहे. मित्रांनो, यंत्रात काही बदल केलात तर त्याच दिवशी लिहून ठेवा. बंद केलेले खरोखर बंद आहे का, हे तपासल्याशिवाय आत हात घालू नका, मग घाई कोणाचीही असो. तेवढे करा, आणि मला निवांत गंजू द्या.