शेवट सांगायचा नाही

करिश्माला एखादं पुस्तक आवडलं की तिच्या तावडीतून कुणी सुटत नसे. अकोल्याच्या त्या डायलिसिस वॉर्डात तिनं सिस्टरच्या गळ्यात पुस्तकं मारली होती, फरशी पुसणाऱ्या बाईच्या गळ्यात मारली होती. मशीन लावणारा पियुष तर तिच्या नादानं एका हडळीची कादंबरी वाचून बसला आणि नंतर कितीतरी दिवस मोरीतला दिवा बंद करायला घाबरत होता. एवढं होऊनही पुढचं पुस्तक तो तिच्याकडेच मागायला आला.

साधीसुधी पुस्तकं तिला चालत नसत. प्रेमबिम, सासू-सुनांची भांडणं, थोरांची चरित्रं, या सगळ्याला ती नाक मुरडायची. तिला हवी असत ती भुताखेतांची, आणि तीसुद्धा आजच्या काळातली. एटीएमच्या रांगेत उभा राहिलेला वेताळ, कोचिंग क्लासला जाणारी यक्षीण, असलं काही. "वाचाच तुमी," ती म्हणायची, "नाई आवडलं तं माहं नाव बदलून ठेवा." चेहरा सुजलेला, हाताच्या शिरा फुगलेल्या, वजन एखाद्या शाळकरी पोरीएवढं, पण पुस्तकाबद्दल बोलायला लागली की वॉर्डात एखादी धट्टीकट्टी बाई शिरल्यासारखं वाटे.

तिच्या शेजारच्या पलंगावर दर सोमवारी आणि गुरुवारी नत्थुजी असत. दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यातले शेतकरी. जिल्हा अमरावती, पण गावाहून अकोला जवळ, म्हणून मुलगा जीवन त्यांना मोटारसायकलवर बसवून इकडे आणी. गाव म्हणे, विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं किडन्या खाल्ल्या. डॉक्टर म्हणे, शुगरनं खाल्ल्या. नत्थुजी म्हणत, कोणी का खाल्ल्या असेनात, परत थोड्याच देणार आहे.

पहिल्यांदा करिश्मानं पुस्तक पुढं केलं, तेव्हा त्यांनी हात झटकले. "मले काय करायची भुतं? आता थोड्या दिवसानं तिकडंच जाचं हाय. गेल्यावर पाहून घेईन."

करिश्मा खो खो हसली. "मंग तं वाचाच, काकाजी. अनोळखी गावाले जाताना मानूस आधी चवकशी करते का नाई?"

"डोळे नाई राहिले पोरी मले."

"माहे हायेत ना!"

डावा हात मशीनला बांधलेला, उजव्या हातानं पुस्तक छातीवर टेकवलेलं, अशी ती मोठ्यानं वाचायला लागली. पाच भागांची मालिका होती. चित्रा नावाची एक बस कंडक्टर. भर उन्हात, दुपारी सुटणारी तिची फेरी. तिच्या बसमध्ये चढणाऱ्यांतले काहीजण मेलेले असत आणि त्यांना ते ठाऊक नसे. हातात डबा असलेले मास्तर, हळद न उतरलेली नवरी, शेतातून थेट आलेला गडी. चित्रानं त्यांना तिकीट द्यायचं, गोड बोलायचं आणि शेवटच्या थांब्यावर उतरवायचं. त्या थांब्याचं नाव पाटीवर नव्हतं. तिथं सगळी धूळच धूळ, पुढचं काही दिसत नसे. चित्रा स्वतः तिथं कधी खाली उतरली नव्हती. तिला त्या थांब्याची फार भीती वाटे.

नत्थुजींना वाटलं होतं, झोप लागेल. लागली नाही. थंडीभर करिश्मानं चार भाग वाचले. वॉर्ड चिडीचूप होऊन ऐके, पियुष चपला काढून हिंडे. मास्तरांना आपण मेलोय हे कळलं त्या दिवशी नत्थुजी गावी परत जाईपर्यंत जीवनशी एक शब्द बोलले नाहीत.

"अन् पाचव्यात शेवट हाय," करिश्मा म्हणाली. "काकाजी, काय शेवट हाय! अंगावर काटा येते."

"सांग मंग."

"शेवट सांगायचा नाई. हा नियम हाय."

मग उन्हाळा आला. वऱ्हाडातला उन्हाळा धडधाकट माणसालाही नकोसा होतो, आणि नत्थुजींना तर पाणी मोजून होतं. चहा, वरण, औषधाचा घोट सगळं धरून दिवसाचा एक तांब्या. जीभ टाळूला चिकटायची. दिवसभर दुसरा विचार सुचत नसे. समोर नातेवाईक बसून गटागटा पाणी पीत आणि नत्थुजी त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत राहत. त्यात जीवनची ओढाताण. आठवड्यातले दोन दिवस बापापायी जात. तो कुरकुरत नव्हता, आणि तेच नत्थुजींना जास्त लागत होतं.

एक दिवस त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आता जायचं नाही. सुनेला नवा माठ भरून ठेवायला सांगायचा, पोट फुटेस्तोवर गार पाणी प्यायचं, निंबाखाली बाजेवर पडायचं. पुढं व्हायचं ते होऊ दे. हे ठरवल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या रात्री झोपसुद्धा लागली. कुणाला सांगितलं नाही. येणारा सोमवार शेवटचा.

त्या सोमवारी करिश्माची तब्येत बरी नव्हती. मोठ्यानं वाचणं तिनं केव्हाच थांबवलं होतं, दोन वाक्यांत धाप लागे. नत्थुजी छताकडे बघत, सहज बोलल्यासारखं बोलले, "पोरी, तो शेवट सांगून दे आज."

"आजच काहून?"

"असंच."

करिश्मा मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिली. ती वर्षानुवर्षं त्या वॉर्डात होती. असं 'असंच' म्हणणारी माणसं तिनं पाहिली होती.

"काकाजी, गुरुवारी येता ना?"

"पाहू."

तिनं उजव्या हातानं उशाखालची पिशवी ओढली आणि पाचवा भाग काढला. त्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. नत्थुजींना वाटलं, पोरगी किती जपून वापरते. ती त्या प्लास्टिकवरून थोडा वेळ अंगठा फिरवत राहिली. मग पुस्तक त्यांच्या चादरीवर ठेवलं.

"घरी वाचून घ्या. पन पुस्तक माहं हाय. गुरुवारी परत पायजे. माह्या हातात."

नत्थुजींनी जन्मात कुणाची वस्तू ठेवून घेतली नव्हती. ते जाम वैतागले. पण पुस्तक घेतलं.

घरी त्यांची सून आरती वाचायला बसली. आधी तिला हसू येत होतं, सासरे या वयात भुतांच्या गोष्टी ऐकतात म्हणून. दुसऱ्या दिवशी तिची भाजी करपली. बुधवारी दुपारी शेवटचं प्रकरण आलं. चित्राची बस त्या बिननावाच्या थांब्याला लागते आणि ड्रायव्हर म्हणतो, ताई, आज तुम्हाला उतरायचं आहे. ती दांडा धरून एक पायरी उतरते, दुसरी उतरते. धूळ खाली बसते. आणि समोर सगळे उभे असतात. मास्तर, नवरी, शेतातला गडी, चारी भागांत तिनं उतरवलेला एकेक माणूस. कुणीच पुढं गेलेलं नसतं. सगळे तिच्यासाठी थांबलेले असतात, आणि प्रत्येकाच्या हातात तिनं दिलेलं तिकीट असतं. मास्तर पुढं येतात, तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतात आणि म्हणतात, किती उशीर केला बाई.

नत्थुजी रडले. बायको गेली तेव्हा असे रडले नव्हते. आरती घाबरून जीवनला हाका मारायला धावली. नवा माठ तिथंच, हाताच्या अंतरावर भरून ठेवला होता. त्यांना त्याची आठवणही झाली नाही. त्यांच्या डोक्यात एकच होतं. उद्या जायचं आणि पोरीला सांगायचं की बाई, तुझं म्हणणं खरं निघालं.

प्लास्टिक फाटलेलं पुस्तक परत कसं द्यायचं, म्हणून आरतीनं ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवून चढवलं. गुरुवारी मोटारसायकलवर नत्थुजी ते पोटाशी धरून बसले. रस्ताभर ते बोलायची तयारी करत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांना कुठंतरी जायची घाई झाली होती. खरं सांगायचं तर ते आनंदात होते.

वॉर्डात करिश्माच्या पलंगावर एक अनोळखी माणूस झोपलेला होता.

पियुषनं त्यांच्या हातात सुई घातली, पट्टी लावली, नळ्या जोडल्या. सगळं होईपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाला, "सोमवारीच गेली, काकाजी. रात्री. घरी."

मशीन चालू होती तोवर नत्थुजी पुस्तक छातीवर ठेवून पडून राहिले. सुटल्यावर पियुषला तिचं घर विचारून घेतलं आणि जीवनला म्हणाले, "जुन्या शहरात चाल."

"तुमच्यात तरान हाय का, बाबा?"

"चाल म्हटलं ना."

मोर्णा नदीच्या पुलापलीकडे विचारत विचारत ते करिश्माच्या घरी पोचले. तिची आई शकुनबाई हार-फुलं विकत असे. दाराशी फुलांच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या. शकुनबाईंनी नत्थुजींना कधी पाहिलं नव्हतं, पण नाव सांगताच ओळखलं. आत गेल्या आणि स्टीलच्या लहानशा पेल्यात पाणी घेऊन आल्या. पेल्याला आतून नेलपॉलिशची लाल रेघ ओढलेली होती आणि पाणी बरोबर त्या रेघेपर्यंत होतं.

"तिचाच हाय," त्या म्हणाल्या. "तुमालेबी मोजूनच ना?"

नत्थुजींनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मग पुस्तक पुढं सरकवलं. शकुनबाईंनी कव्हर उघडून आतलं नाव बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे तुमच्यापाशी होतं? भाऊ, म्या घरभर धुंडलं. तिच्यासंगं द्याचं होतं मले, चितेवर."

नत्थुजींना धरणी फाटली तर बरं असं झालं. "तिनंच देलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "सोमवारी."

"प्लास्टिक कोनं फाडलं?"

"सुनेनं."

"मले हात लावू देत नव्हती. मी अमरावतीले बहिनीकडं गेली होती, तवा तिच्यासाठी आनलं होतं. वर्ष होत आलं. म्हने, आई, हे उघडलं की संपलं सारं. उशाशी घेऊन झोपे, पन उघडलं नाई."

"मंजे तिनं वाचलंच नव्हतं?"

"कुठचं वाचते! अन् साऱ्या दुनियेले सांगत फिरे, काय शेवट हाय, काय शेवट हाय म्हनून." शकुनबाई रडायला लागल्या. पदर तोंडात कोंबून रडल्या, मग स्वतःच थांबल्या. "तिचं वाचाचं राहून गेलं, भाऊ. तेच मले खाऊन राहिलं. तुमी वाचलं ना? कसा हाय शेवट? भारी हाय?"

नत्थुजींच्या ओठावर आलं होतं. तो थांबा, ती धूळ, ते सगळे हातात तिकीट घेऊन उभे. दुनियेत कुणाला तो शेवट ऐकायची गरज होती तर त्या पोरीला होती, आणि तिनं तो न उघडता त्यांच्या चादरीवर ठेवला होता. त्यांनी समोर बसलेल्या बाईकडे बघितलं. भारी म्हटलं, तर ही उरलेला जन्म त्या एका शब्दाखाली दबून मरेल.

"भिकार हाय," नत्थुजी म्हणाले.

"काय?"

"एकदम भिकार. चार भाग रंगवून रंगवून सांगतलं अन् शेवटी काईच नाई. बस बंद पडते, खतम. मी तं आज तिच्यासंगं भांडाले येत होतो. म्हटलं, हे का पुस्तक होय? काहून येवढी तारीफ करत होती?"

शकुनबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी लांब श्वास सोडला. "बरं झालं मंग," त्या म्हणाल्या. "तिनं नाई वाचलं, ते बरंच झालं."

"बरंच झालं," नत्थुजी म्हणाले. आयुष्यात त्यांनी कमी थापा मारल्या नव्हत्या, पण इतकी जड थाप कधी मारली नव्हती. घसा कोरडा पडला होता. पेल्यात पाणी होतं. त्यांनी हात लावला नाही.

शकुनबाई पुस्तक हातात घेऊन बसल्या होत्या. कव्हरच्या शिवणीवरून त्यांचं बोट हळूहळू फिरत होतं. टीप बारीक होती, कोपरे दुमडून पक्के केलेले होते.

"भिकार पुस्तकाले येवढं कवर शिवून देलं सुनेनं?"

"शिवन शिकून राहिली ते," नत्थुजी म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

मग शकुनबाई उठल्या, आतून पहिला भाग घेऊन आल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाकीचे रद्दीत जानार होते. तुमी न्या. पन एक एकच देईन. पुस्तकं तिची हायेत. सोमवारी परत पायजे. माह्या हातात."

सुतकाच्या घरून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. न बोलता उठायचं आणि चालू लागायचं. नत्थुजी आजवर तो रिवाज चुकले नव्हते. ते जीवनच्या खांद्याचा आधार घेऊन उठले, पुस्तक काखेत घेतलं आणि मुकाट्यानं दारापर्यंत गेले.

"भाऊ," मागून शकुनबाई म्हणाल्या. "सोमवारी?"

नत्थुजी पालथ्या टोपल्यांपाशी थांबले.

"येतो," ते म्हणाले.