ओल्या पडद्यावरचं ऊन

श्यामकांतांनी पडदा ओला असताना बघितला, तिथंच वाट लागली. चिकट सरसात कालवलेला रंग ओला असताना काळपट दिसतो आणि वाळला की उजळतो, हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. पण श्यामकांत पडले नाट्यमंडळाचे सेक्रेटरी. त्यांना कोण सांगणार?

"हे काय गं मालन? जंगलाला देवी आल्यात की काय?"

"ते ऊन आहे. झाडांतून खाली पडलेलं."

"ऊन असं गोल गोल असतं होय? नुसता चिखल दिसतोय. हिरवा मार सगळ्यावर. नाहीतर संध्याकाळी जुनाच पडदा लावतो, आणि पुढच्या नाटकाला दुसरा पेंटर बघतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार सकाळी मी कान्हेरीच्या वाटेवर बसून ते ऊन पाहिलं होतं. पानांच्या फटींतून येतं ते जमिनीवर गोलच पडतं. वारा आला की एकमेकांवर चढतं. हा माणूस जन्मभर बोरिवलीत राहिला आणि त्यानं कधी पायाखाली बघितलं नाही, त्याला मी काय करू?

भाऊ, माझे वडील, कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. तीस वर्षं त्यांनी पडदे रंगवले. आता हात कापतो, म्हणून हा पहिला पडदा माझ्या एकटीच्या हातचा.

"फिरव गं हिरवा," ते हळूच म्हणाले. "मंडळाला हवं ते द्यायचं. कामं टिकतात."

वाळल्यावर काय होणार हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. तरी ते असं बोलले, याचं मला फार वाईट वाटलं.

मी हिरव्याची बादली उचलली आणि दारातल्या गटारात पालथी केली. घरात हिरवी पूड चिमूटभरही उरली नव्हती.

"डोकं फिरलंय का तुझं?" श्यामकांत ओरडले.

"फिरलंय. चार वाजता या. तेव्हा जुना लावायचा तर खुशाल लावा. तोवर या कापडाला हात लावायचा नाही. कुणीच." शेवटचं मी भाऊंकडे बघून म्हटलं.

श्यामकांत पाय आपटत गेले. मला तरी कुठं खात्री होती, खोटं कशाला सांगू? सरस जास्त झाला असेल आणि रंग उजळलाच नाही तर? दोनच्या सुमाराला वरचा कोपरा फिकट व्हायला लागला. मग बुंधे मागे सरले, आणि पायवाटेवर एकेक ठिपका उजळत आला.

चारला श्यामकांत दारातच थबकले. "आता कसं झकास दिसतंय!" म्हणाले, जसं काही त्यांनीच वाळवलं. "खाली भाऊंचं नाव घालून टाक. दशरथ पेंटर, नेहमीसारखं."

मी ब्रश बुडवून वाकले. 'द' काढणार, तोच भाऊंनी कापऱ्या हातानं माझं मनगट धरलं.

"हिरवा गटारात कुणी ओतला?"

"मी."

"मग तुझं घाल."

श्यामकांत काहीतरी पुटपुटले. मी ऐकून घेतलं नाही. भाऊ लिहायचे त्याच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत, उन्हाच्या सगळ्यात मोठ्या ठिपक्यात, मी लिहिलं: मालन पेंटर, बोरिवली.