चिंग्याचा नंबर कितवा

उन्हं कलायला लागली की वैजयंती मागचं दार आतून लावून घ्यायची आणि लेकीला, आरोहीला, हाक मारायची. पिंपरी पेंढारमध्ये त्या वेळेला घराघरांतून अशाच हाका ऐकू येतात. ऊस दोन पुरुष उंच झालेला, त्यात बिबट्याची मादी पिलं घेऊन राहिलेली, आणि शेजारच्या बांधावरचा वनखात्याचा पिंजरा महिनाभर रिकामाच. बाकीच्या आया एक हाक मारून चुलीकडे वळत. वैजयंती मात्र पोर उंबऱ्याच्या आत येईपर्यंत पायरीवरून हलत नसे. तिनं ओतूरच्या कॉलेजातून बीएस्सी केलं होतं. सासरे, सयाजी, आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, "आमची सून लई शिकली, म्हणून लई भेती."

बाहेरचं खेळणं बंद झालं म्हणूनच मोबाइलवरचा तो खेळ तिनं पोरीला घेऊ दिला होता. रानावनात चित्रविचित्र जीव भेटतात, ते पकडायचे, माणसाळवायचे, आणि एकेक दरवाजा जिंकत शेवटच्या गडापर्यंत जायचं. यातून पोर काय शिकते हे बघायला म्हणून वैजयंतीनं आरोही शाळेत गेल्यावर सगळा खेळ उघडून वाचला. वाचता वाचता कुठल्या जीवाचा जोर किती, चपळाई किती, सगळं तिला पाठ झालं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दहा वर्षांच्या आरोहीनं खेळात एक नियम स्वतःचा घातला होता. लढताना जो जीव पडेल, त्याला औषध देऊन उठवायचं नाही. त्याला रानात सोडून द्यायचं, कायमचं. नदीच्या दरवाज्यात झिपरी नावाचा जीव पडला, तेव्हा तिनं खरोखर सोडला आणि मोबाइलकडे बघून हात हलवला.

खेळातला तिचा पहिला जीव मातकट रंगाचा होता, अळूच्या पानासारखे कान असलेला. त्याचं नाव तिनं ठेवलं होतं चिंग्या.

खरा चिंग्या त्यांचा कुत्रा. मागच्या थंडीत गोठ्यापासून बिबट्यानं त्याला नेला. सकाळी बांधावर नुसता पट्टा सापडला. आरोही रडली नाही, काही विचारलंही नाही. पुढे शाळेतल्या बाईंनी सहज सांगितलं, "तुमचा कुत्रा मामाकडे ठेवलाय ना? आरोही सांगत होती." त्या दिवसापासून वैजयंतीच्या जिवाला घोर लागला होता. पोरगी आजतागायत कुणाजवळच चिंग्या गेल्याचं बोलली नव्हती. आणि आता शेवटचा दरवाजा आला होता. तिथं सहाच जीव न्यायचे, आणि ठरवलेल्या क्रमानं एकेकानं लढायचं. एकदा आत गेलं की क्रम बदलता येत नाही.

चिंग्या त्या सहांत नको, एवढंच वैजयंतीला हवं होतं. तो बाहेर राहिला तर पडणार नाही. पडला नाही तर सोडावा लागणार नाही.

त्या शनिवारी आरोहीनं ओट्यावर जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे मांडले. प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूवर एकेक जीव काढलेला. सयाजी भिंतीला पाठ टेकून बसले होते. तरुणपणी त्यांचा बैलगाडा होता. यात्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्यांची बारी लागली की लोक जेवण सोडून येत, असं ते सांगत, आणि आता ऐकणारे कमी झाले तरी सांगत.

"पयली वळ घाटाच्या राजाची," त्यांनी बोटानं फरशीवर रेघ ओढली. "तिच्याखाली फायनलवाले. त्याच्याखाली नुसते पळणारे. आन शेवटी, दावणीला बसून कडबा खाणारे."

"आबा, यात कडबा नसतो."

"मग काय खात्यात? म्हनून तर पडत्यात!"

आरोही खुदकन हसली. लखलख नावाची, शेपटीतून वीज मारणारी पाल तिनं राजाच्या ओळीत ठेवली. फुंकणी नावाचं जाळ ओकणारं पाखरू तिच्याशेजारी. काटेरी सराटा फायनलला. पाटा म्हणजे दगडी पाठीचं कासव. त्याचा फटका सगळ्यांत जबर, पण तो मारायला उठेपर्यंत समोरचा दोनदा मारून घेई. त्याच्यावरून वाद झाला, आणि आबांनी त्याला कडब्याला बसवलं.

चिंग्याचं चित्र आरोहीच्या हातातच होतं.

"त्याला खाली ठेव," वैजयंती दारातून म्हणाली. ती लसूण सोलत होती, निदान तसं दाखवत होती. "जोर सगळ्यांत कमी आहे त्याचा. सराट्याच्या निम्मासुद्धा नाही. चपळाई बरी आहे, पण अंगात दम नाही."

आरोहीनं मान वर केली. "आई, तुला कसं माहिती?"

"असंच. दिसतं की."

"पयल्या जनावराला खाली ठेवत न्हाईत, सूनबाई," सयाजी म्हणाले. "घरात पयला आलेला त्यो. त्याचा मान पयला. त्याला म्होरं काढ, आरू."

तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "कुणाचा मान काढताय, सयाजीभाऊ?"

मेंढपाळ लंकाबाई पाण्यानं भरलेली कळशी घेऊन आली होती. तिच्या मेंढ्या यंदाही त्यांच्या मोकळ्या रानात बसवल्या होत्या. कांदा निघाला की दर वर्षी तिचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, तिथं पडायचा, रानाला खत आणि तिच्या मेंढरांना पाला. वाड्यावर मुलगा होता म्हणून ती निवांत टेकली. आरोहीनं तिला सगळं समजावलं. लंकाबाईनं एकेक चित्र उचलून, लांब धरून पाहिलं.

"ह्ये कुत्रंच हाय की."

"त्याचं नाव चिंग्या."

लंकाबाईला खरा चिंग्या ठाऊक होता. तिनं एकदा वैजयंतीकडे पाहिलं आणि तोंडावर आलेलं गिळलं. "मंग कुत्रं मागं पायजे," ती म्हणाली. "कळप चालताना म्होरं बोकड चालतंय, कुत्रं मागं. मागचं राखलं तर म्होरचं टिकतं."

"आवं बाई, ही काय मेंढरं हाईत का?" सयाजी सरसावले. "ही शर्यत हाय. सुटला की संपला पायजे!"

"तुमचं समदं सुटायच्या आतच संपतं, भाऊ. आमी दिवाळीला निघतो ते मिरगाला घरला. सांगा, दमाचं कुणाला कळतं?"

"दमाचं कळतं, मग गेल्या साली बोकड हरवलं कसं?"

"हरवलं न्हाई. तुमच्या उसात बसलं व्हतं, खाऊन खाऊन उठंना!"

वैजयंतीलाही हसू आलं. पण तिचे डोळे पोरीच्या हाताकडे होते. एक म्हणतो पहिला, एक म्हणते शेवटचा, आणि बाहेर ठेवा म्हणणारी ती एकटी. पोर कुणाचं ऐकणार?

सयाजींनी आता सगळ्या ओळी मोडून चित्रं दोन-दोन करून लावायला घेतली. लखलख आणि फुंकणी पुढे, त्यांच्यामागे सराटा आणि चिंग्या.

"आबा, हे काय करताय?"

"जुपतोय. पुढची जोडी, मागची जोडी."

"आबा! ते एकेकटे जातात."

"एकेकटे?" सयाजी खरंच गोंधळले. "मग गाडा कोण वढतं?"

यावर लंकाबाई इतकी हसली की कळशीतलं पाणी हिंदकळलं. सयाजी थोडे खट्टू झाले. "हसा, हसा. पण मी एकदा दोन राजे एका गाड्याला जुपले व्हते. दोघंबी एक नंबर. गाडा सरळ गेलाच न्हाई, आडवा झाला आन माणसांत शिरला. एकटा पळतो त्यो बैल येगळा, दुसऱ्याला पळवतो त्यो येगळा. त्याला वळीत कुठं ठेवायचं, मला आजवर कळलं न्हाई."

आरोही हसता हसता थांबली. तिनं चिंग्याचं चित्र उचललं, मग कडब्याला बसवलेल्या पाट्याचं उचललं, आणि दोन्ही एकमेकांशेजारी धरून बराच वेळ बघत बसली. ओठ मुडपलेले, भुवया जवळ आलेल्या. शाळेत गणित सोडवताना ती अशीच दिसत असेल, वैजयंतीला वाटलं.

"आई," ती म्हणाली, "तू नुसता जोर वाचलास. चिंग्याचं भुंकणं वाचलंस का?"

वैजयंतीनं वाचलं होतं. चिंग्या भुंकला की समोरचा दचकतो, आणि आपला पुढचा जो जीव येईल त्याला आधी मारायला मिळतं. पण भुंकताना चिंग्याला जागचं हलता येत नाही. मार चुकवता येत नाही.

"गडाचा पहारेकरी सगळ्यांच्या आधी मारतो," आरोही सांगू लागली, आणि दोन्ही म्हातारी माणसं शाळेतल्यासारखी पुढे झुकली. "म्हणून पाटा कामाचा नाही असं वाटतं. पण चिंग्या भुंकला आणि लगेच पाटा आला, तर पाट्याला आधी मारता येईल. म्हणजे चिंग्या पहिला पण नाही, शेवटचा पण नाही. तो पाट्याच्या पुढचा. त्या दोघांचा मिळून नंबर लावायचा." तिनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. "हे दोघं घाटाचा राजा."

"आगं आयव!" सयाजी म्हणाले.

वैजयंतीनं आकडे पाठ केले होते, पण ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. पोरीनं आबांचा गोंधळ घेतला, लंकाबाईचं मागचं राखणं घेतलं, आणि दोघांपैकी कुणाचंच ऐकलं नाही. पोरीचं कौतुक वाटलं आणि लगेच पुढचं लक्षात आलं.

"आरू," ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "पण म्हणजे तो पडणार."

"हो."

"नक्कीच पडणार."

"मला माहितीय, आई."

"मग कशाला नेतेस? दुसरे आहेत की."

आरोहीनं चित्राची दुमडलेली कड सरळ केली. "तो सुरुवातीपासून आलाय. शेवटच्या दरवाज्याला त्याला घरी ठेवायचं?" मग मोबाइल हातात घेत, "तो काय घरी बसणारा आहे का?"

 खरा चिंग्याही घरी बसणारा नव्हता. रात्र रात्र गोठ्याभोवती फिरायचा.

लढाई सुरू झाली. चौघांची डोकी मोबाइलवर वाकली. लखलखनं वीज मारली आणि पडली. "आरारा, राजाच पडला," सयाजी पुटपुटले. फुंकणी गेली. सराट्यानं काटे रुतवले, पण तोही गेला. पहारेकऱ्याचं निम्मं बळ अजून शिल्लक होतं. मग अळूच्या कानांचा तो मातकट जीव पुढे आला, पाय रोवून उभा राहिला आणि भुंकला. मोबाइलचा आवाज बारीक होता, तरी लंकाबाई म्हणाली, "ऱ्हा रं बाबा, हुबा ऱ्हा." पहारेकऱ्याचा एकच तडाखा बसला. चिंग्या कलंडला.



पाटा आला. पहिल्यांदाच त्याला आधी मारायला मिळालं. एका जबर फटक्यात पहारेकरी गुडघ्यावर आला. सहाव्या जीवाची, बुडबुड्याची, गरजच पडली नाही. गडाचा दरवाजा उघडला आणि सयाजींनी मांडीवर अशी थाप मारली की गोठ्यातली म्हैस हंबरली.

"फळी फोडली पोरीनं!"

पण आरोहीचा अंगठा अजून पडद्यावर होता. तिनं लखलखला सोडलं, फुंकणीला सोडलं, सराट्याला सोडलं. मग चिंग्या. खाली प्रश्न आला, सोडायचं का?

तिचा अंगठा थांबला. वैजयंतीला राहवेना. "आरू, नियम तुझाच आहे ना? मग तूच बदल की. जिंकलीस आता. कुणाला कळणार आहे?"

"झिपरीच्या वेळी नाही बदलला," आरोही म्हणाली.

तिनं 'हो' वर बोट ठेवलं. तो जीव मागे वळला, कान हलवले आणि गवतात दिसेनासा झाला. आरोहीनं हात हलवला. मग मोबाइल पालथा ठेवला आणि आबांच्या धोतरात तोंड खुपसून रडायला लागली, मोठ्यानं, हुंदके देऊन, लहान होती तेव्हा रडायची तशी. वैजयंती उठली, पण लंकाबाईनं तिचा पदर धरला.

"रडू दे, ताई. लई दिसांचं हाय ते."

ती बसली. पोरीला उचलून आत न्यावं, पोटाशी धरावं असं हजारदा वाटलं, तरी बसून राहिली. सयाजी नातीच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि त्यांचेही डोळे भरले होते. लंकाबाईनं कळशी डोक्यावर घेतली आणि अंधार पडायच्या आत वाड्याकडे निघाली.

वैजयंती चुलीपाशी गेली. थोड्या वेळानं आरोही आत आली, नाक पुसत, डोळे लाल. "भाकरी झाली का? मला लई भूक लागलीय."

पहिली भाकरी ताटात पडते न पडते तोच फोन वाजला. चाकणहून नवऱ्याचा, सुदर्शनचा होता. या शनिवारी ओव्हरटाइम असल्यानं त्याला येता आलं नव्हतं. आरोहीनं तोंडात घास असतानाच फोन घेतला. वैजयंती थापायला घेतलेल्या भाकरीवर हात तसाच ठेवून ऐकत राहिली.

"पप्पा, शेवटचा दरवाजा जिंकला! कसा ते ऐका. लखलख पहिली गेली, पडली. मग फुंकणी, मग सराटा. मग चिंग्या भुंकला आणि तिथं चिंग्या पडला. मग पाटा आला..."

पलीकडून सुदर्शननं काहीतरी विचारलं.

"हो, त्याला सोडलं," आरोही म्हणाली. घास गिळला. "पप्पा, आपला खरा चिंग्या पण तसाच गेला असेल ना? उभा राहून?"

वैजयंतीला पलीकडचं उत्तर ऐकू आलं नाही. तिला पोरीचा चेहरा दिसत होता, चुलीच्या उजेडात, लक्ष देऊन ऐकणारा. आरोहीनं दोनदा मान हलवली, मग ताटाकडे बघून आईला खूण केली, अजून एक.