मशकानंदांचा दोरा आणि सासूची गोधडी

जुन्नरजवळच्या मढ गावच्या चावडीपुढे त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पार भरला, चावडीची ओटी भरली, उरलेली माणसं सोडलेल्या गाड्यांवर चढली. मधोमध व्याघ्रचर्मावर मशकानंद महाराज बसले होते. जवळून पाहिलं असतं तर ते हळदीचे पट्टे ओढलेलं बकऱ्याचं कातडं निघालं असतं, पण जवळून पाहतो कोण? पुढ्यात तोंडाला फडकं बांधलेलं मडकं होतं, आणि ते मडकं चक्क गुणगुणत होतं!

"ऐका!" महाराज गरजले. "हा डासांचा राजा! माळशेजच्या कड्यावर उपास करून कोंडलाय मी त्याला. आता सारी फौज तुम्हाला शरण येणार!"

"पण फौज अजून चावतीया, महाराज," मागून कोणीतरी कुरकुरलं.

"चावत नाही, पाया पडते आहे! पाया पडताना तोंड लागणारच!"

केवढा जयजयकार झाला! एकोणीसशे नऊच्या सुमाराची ही गोष्ट. पावसाळा नुकताच सरला होता आणि घरोघर हिवतापाची माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत होती. महाराजांचा नियम सोपा होता. ताप भरला असेल त्यानंच यायचं, दंडाला मंतरलेला दोरा बांधून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी ताप गायब! तिसऱ्या दिवशी तो परत आला, तर महाराज डोळे वटारून विचारत, "वांगं खाल्लंस?" त्या दिवसांत मढमध्ये वांगं न खाणारा माणूस शोधून सापडला नसता. शिवाय प्रत्येक दाराशी पाण्याची एक उघडी घागर ठेवायची, ती कधी उपसायची नाही. आणि कडू औषध घ्यायचं नाही, दोऱ्याची शक्ती उतरते.

या शेवटच्या अटीपायी सयाजी पाटलाच्या घरात लेकीचे हाल चालले होते. प्रयाग पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवसाआड तापानं फणफणत होती.

जुन्नरच्या दवाखान्यातले डॉक्टर जलाल तट्टावरून कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं तेच कडू औषध, घेऊन आले, ते अशा वेळी. डॉक्टर हुशार, पण वाद घालायची भारी हौस.

"पाटील, हा ताप मुळातच दिवसाआड येतो," ते म्हणाले. "उद्या तो येणार नाही, हे माझं तट्टूसुद्धा सांगेल."

"तट्टू सांगंल वो, पर दोरा दील का?" सयाजी म्हणाला. लोक खो खो हसले.

डॉक्टर तावातावानं पुढं बोलणार, तेवढ्यात पाटलीणबाई दारात आल्या. "डाक्टरसायेब, भांडू नगा," सरूबाई म्हणाल्या. "पोरीच्या व्हटाला रंग ऱ्हायला न्हाई. कायतरी करा."

डॉक्टरांनी वाद तिथंच सोडला. दाराशी ठेवलेल्या घागरीतलं किडे वळवळणारं पाणी त्यांनी एका बाटलीत घेतलं, बाटलीच्या तोंडाला फडकं बांधलं. मग ते चावडीवर जाऊन महाराजांना साष्टांग नमस्कार घालून म्हणाले, "महाराज, तुमची शक्ती साऱ्या मुलखाला दाखवू. हरलो तर मी तुमचा चेला!"

महाराजांना नाही म्हणता येईना.

डॉक्टरांनी रीत सांगितली ती अशी: आज ताप भरलेल्या प्रत्येकानं पिशवीत हात घालून न बघता एक दाणा काढायचा. ज्वारी निघाली तर महाराजांचा दोरा, हुलगा निघाला तर सरूबाईंच्या सासूच्या फाटक्या गोधडीचा दोरा. दाणा झाकल्या मुठीनंच सरूबाईंना द्यायचा, आणि त्यांनी आत बसून दोरा आणि तोच दाणा एकसारख्या तांबड्या फडक्याच्या ताइतात शिवायचा. म्हणजे कुणाच्या दंडाला काय आहे, ते बांधणाऱ्यालाही कळायचं नाही आणि महाराजांनाही नाही.

"आन् महाराज हरलं, तर प्रयागला कोयनेल," सरूबाईंनी नवऱ्याकडून सर्वांसमक्ष कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळे ठणठणीत! महाराज मिशीला पीळ देत फिरले. तिसऱ्या दिवशी मात्र चावडीवर दात वाजू लागले. काहींना ताप आला, काही सुटले.

"उघड आहे!" महाराज म्हणाले. "ताप आला त्यांच्याकडे गोधडी. हा हौशीराम बघा, कसा तुकतुकीत! याच्या ताइतातून मला प्रकाश दिसतोय!"

सरूबाईंनी कात्रीनं ताईत उसवला. हुलगा पडला, मागोमाग गोधडीचा दोरा. शेजारी धोंडाबाई कुडकुडत होती. तिच्या ताइतात ज्वारी! मग सगळेच उसवले. बरी झालेली माणसं दोन्हीकडे सारखीच आणि कुडकुडणारीही सारखीच.

मग हौशीराम हात जोडून ओरडला, "गोधडीमातेचा इजय असो!"

आणि काय सांगावं, लोक खरंच कुंकू घेऊन पाटलाच्या घराकडं धावायला निघाले! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"थांबा रं!" सरूबाई कडाडल्या. "माझी सासू जित्तेपणी त्याच गोधडीत हिवतापानं कुडकुडायची. आन् गोधडीबिगर निम्मी बरी झाली, ती कशानं?"

"अहो, तेच तर!" डॉक्टर म्हणाले. "दाणा तुम्हीच काढलात. धडधाकट इकडे, अशक्त तिकडे, अशी निवड कुणी केली नाही. फरक होता तो फक्त दोऱ्याचा, आणि त्यानं काडीचाही फरक पडला नाही. ताप आपल्या पाळीनं येतो आणि कधी आपसूक जातो." मग त्यांनी बाटली वर धरली. परवाचे वळवळणारे किडे त्यात आता डास होऊन भणभणत होते. "आणि ही बघा शरण आलेली फौज. तुमच्याच घागरीत वाढलेली!"

तोवर सरूबाईंनी मडक्याचं फडकं सोडलं होतं. आतून एक गलेलठ्ठ काळा भुंगा निघाला, गरगरला आणि थेट महाराजांच्या जटेत शिरला. डासांच्या राजाला जिंकणारे मशकानंद "मेलो, मेलो!" करत घाटाच्या दिशेनं असे पळाले की खडावा चावडीतच राहिल्या.

प्रयागला त्याच दुपारी कोयनेल मिळालं. तिनं तोंड वेडंवाकडं करून डॉक्टरांच्या सात पिढ्या काढल्या. पण ताप हळूहळू हटला, आणि थंडीत तिला खणखणीत आवाजाची मुलगी झाली. सयाजीनं स्वतः दारोदार फिरून घागरी पालथ्या केल्या.

पुढं सरूबाईंना एक खोडच लागली. कुणी अंगारा सांगो, कुणी ताईत, त्या तिथंच अडवून विचारत. वाचकहो, तुम्हीही विचारा. ज्यांना गुण आला, ती माणसं पुढं होऊन बोलतातच. मागे राहिलेल्यांना शोधा आणि विचारा: ज्यांनी दोरा बांधलाच नाही, त्यांचं काय झालं?