दगूनानांचा डावा हात

थंडी सहा अंशांच्या खाली उतरली की आमच्या नव्या ट्रकचे गिअर दगूनाना सानपांच्या डाव्या हातात अडकतात. नाना तेव्हा निफाडला, आपल्या खाटेवर, गोधडीखाली असतात. ट्रक कुठेही असो.

ट्रक डिझेलचा आणि ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअरचा दांडा नाही. एक बटण फिरवायचं आणि स्टिअरिंग धरून बसायचं. जुना ट्रक नानांनी सत्तावीस वर्षं चालवला. नवा आला तेव्हा मी, म्हणजे ट्रान्सपोर्टचा सुपरवायझर बोरगुडे, शेठना म्हणालो की आता एवढ्या जाणत्या हाताची गरज उरली नाही. हे खरं होतं. माझा मेहुणा सोपान घरी बसून होता, हेही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की तिसरी कोणी विचारत नाही.

निरोपाला शाल आणि नारळ सगळेच देतात. आपलं काहीतरी वेगळं म्हणून मी जुन्या ट्रकच्या गिअरची मूठ काढली, धुतली, हळदकुंकू लावून नानांच्या हातात ठेवली. टाळ्या पडल्या. शेठनी डोळे पुसले; ते फोटो काढताना नेहमी पुसतात. नानांनी मूठ डाव्या हातात घेतली. ती तिथून पुन्हा निघाली नाही.

पहिली तक्रार डिसेंबरात आली. सोपान सकाळी द्राक्षांचे क्रेट भरून निघाला आणि पिंपळगावापर्यंत ट्रक दुसऱ्या गिअरमध्येच कण्हत गेला. मेकॅनिक म्हणाला, थंडीत तेल दाटतं, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून मग निघा. तसं केलं. तेल बदललं. मेकॅनिकची पाठ वळल्यावर गिअरबॉक्सखाली शेकोटीही केली. शेवटी त्याने लॅपटॉप जोडून बघितलं आणि म्हणाला, "गाडी म्हणतेय, मला काही झालेलं नाही."

असं म्हणणारी माणसं मी ओळखतो. मी डायरीत रोजचा पारा आणि अडकलेला गिअर लिहायला लागलो. आठव्या सकाळी ठकूकाकू, म्हणजे नानांची बायको, ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचं घर ऑफिसच्या मागेच आहे.

"बोरगुडे, ह्यांचा हात तिसऱ्यात जाईना झालाय. तुमची गाडी बरी चाललीय ना?"

मी मागच्या दाराने त्यांच्याबरोबर गेलो. नाना छताकडे बघत पडले होते. गोधडीखाली डावा हात पुढे जायचा प्रयत्न करत होता आणि अर्ध्यात अडत होता. काकूंनी तव्यावर वाळू भाजली, फडक्यात बांधली आणि मनगटावर धरली. हळूहळू बोटं सैल झाली. हात मधल्या पट्टीत आला, पुढे सरकला, बसला. माझ्या खिशातला फोन वाजला.

"दाजी, तिसरा पडला," सोपान म्हणाला. "मी काही केलं नाही हां."

"तू कधी काही केलंयस?" मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी नानांकडे जाऊ लागलो. शेगडी मी पेटवायचो, वाळू काकू भाजायच्या. नाना कमी बोलायचे आणि कामाचंच बोलायचे.

"बोरगुडे, क्लच कोण दाबतं रे?"

"नव्या गाडीला क्लच नाही, नाना."

"मग माझा डावा पाय का भरून येतो?"

मी शेगडीत फुंकर घातली. काकू वाळू हलवत राहिल्या. नंतर दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "गाडी रस्त्यावर असली की हे जेवत नाहीत. घास उचलायला हात मोकळा नसतो म्हणतात. उजवा दाखवला तर म्हणाले, तो स्टिअरिंगवर आहे. तुम्ही तुमची मूठ परत घ्या ना."

मी आत जाऊन मागितली.

"निरोपाला दिलेली वस्तू परत मागतात होय रे?" नाना म्हणाले. मी त्यांची बोटं उघडून बघितली, उघडली नाहीत.

शेठना मी सांगितलं की कडाक्याच्या दिवसांत ट्रक उभा ठेवू. शेठ म्हणाले, "माल थांबतो का? नानांना अजून एक शाल द्या."

जानेवारीत खोली अरुंद व्हायला लागली. आधी दार पूर्ण उघडेना. मग खाट आणि भिंत यांच्यामधली वाट गेली. मी टेपने मोजत होतो. रोज चार बोटं. खिडकी मात्र रुंद होत गेली आणि ट्रकच्या समोरच्या काचेसारखी थोडी मागे कलली. संक्रांतीनंतर आम्ही तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. काकूंनी शेगडी मांडीजवळ घेतली होती.

"सोय झाली," त्या म्हणाल्या. "उठावं लागत नाही."

त्या सकाळी पारा तीनवर होता. सोपान सहाला निघाला. साडेआठपर्यंत निफाडात ऊन आलेलं असतं, पण नानांच्या खोलीत आलं नाही. फोन वाजला.

"दाजी, कसाऱ्याच्या उतारावर आहे. गाडी सहाव्यातच आहे, खाली येईना. ब्रेक दाबून दाबून पाय दुखला."

मी गोधडी बाजूला केली. नानांचा हात मांडीलगत, मागे ओढलेला, सहाव्यात रुतला होता. शिवलो तर लोखंडासारखा गार.

"भरलेल्या गाडीला तिथं दुसरा लागतो," नाना डोळे मिटून म्हणाले. "त्या पोराला सांग, ब्रेकवर जाऊ नको."

"नाना, तुम्हीच आणा ना दुसऱ्यात."

"आणतोय की."

काकूंनी एक पोटली ठेवली, मग दुसरी. मी दोन्ही हातांनी मनगट धरलं आणि ओढलं.

"जोर नाही लावायचा," काकू म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं बघतेय. तो आपण होऊन यावा लागतो."

"दाजी, जळका वास येतोय," सोपान म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता, माझ्या लग्नात हरवला होता तेव्हासारखा. "दाजी, ताईला काही सांगू नका."

"नाना," मी म्हणालो, "चुकलं माझं. तुम्हाला काढायला नको होतं. आता पोराला सोडा."

 काकूंनी नानांच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरलं.

"काय झालं?"

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "हात अजून चाललाय."

खरंच चालला होता. माझ्या तळव्याखाली काहीतरी सुटलं आणि हात सहाव्यातून बाहेर आला. मधोमध येऊन थांबला. मी दुसऱ्याच्या दिशेने नेला, तो गेला. परत आणला, परत आला. कुठेच अडत नव्हता. पाळण्यातल्या बाळाचा असावा तसा हलका झाला होता.

"न्यूट्रल," काकू म्हणाल्या.

फोनवर इंजिनाचा आवाज बारीक झाला आणि नुसता वारा राहिला.

"दाजी," सोपान म्हणाला, "किती शांत झालं."

खिडकीतली बाभूळ मागे सरकली. तिच्यामागून पाण्याची टाकी आली आणि गेली. मग आमच्या ऑफिसची भिंत, मग तिच्यावर वाळत घातलेलं कोणाचं तरी धोतर, बाभळीपेक्षा भराभर. काकूंनी पदर खोचला, शेगडी घट्ट धरली आणि पायाने जमिनीवर ब्रेक चाचपडायला लागल्या.